बकासुराचा वीस

डाव मांडताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मावशी, मी कोल्हापूरला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीच्या सुट्टीपासून आम्ही मित्र ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतो. पुस्तक माझं, म्हणून डीएमही (डन्जन मास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारा) मीच. गेल्या रविवारी माझी १४ वर्षांची मामेबहीण पहिल्यांदा खेळायला बसली, पाचवी खेळाडू म्हणून. विझार्ड, म्हणजे खेळातलं आपलं जादूगार कॅरेक्टर, तयार करण्यात तिने दोन संध्याकाळी घालवल्या होत्या, खांद्यावरच्या घुबडासकट चित्र काढून आणलं होतं. पुलावर ऑगर नावाचा धिप्पाड राक्षस आडवा आला. त्याने तिच्यावर सोटा उगारला, मी स्क्रीनमागे फासा टाकला आणि पडले वीस. तिचे हिट पॉइंट, म्हणजे अंगातला जीव, सगळे मिळून ७. माझ्या तोंडून निघून गेलं, “तीन. हुकला.” ती आनंदाने ओरडली. नंतर ऑगरला शेवटचा फटका तिनेच मारला. सगळे खूश. पण घरी जाताना गाडीवर मागे बसलेला मित्र म्हणाला, “खरंच तीन होता का रे?” मी म्हटलं, “हो.” तेव्हापासून चैन नाही. कुणी म्हणतं सगळेच डीएम असं करतात, पुस्तकातच परवानगी आहे. कुणी म्हणतं ही सरळ फसवणूक. मी चुकलो का? बहिणीला सांगू का? आणि पुन्हा असा वीस पडला तर काय करू?
— एक डीएम, कोल्हापूर

उत्तर : अरे, तुझ्या पत्रात खोटं दोनदा आहे. एक स्क्रीनमागचं आणि एक गाडीवरचं. मला दुसरं जास्त टोचलं, पण त्याकडे नंतर येते.

आधी हा खेळ न खेळणाऱ्या वाचकांसाठी. यात एक जण गोष्ट चालवतो, राक्षस-चोर-राजे सगळे त्याच्याकडे, तो डीएम. बाकीचे एकेक कॅरेक्टर घेऊन त्या गोष्टीत शिरतात. जे नक्की नाही ते वीस बाजूंच्या फाशावर ठरतं. राक्षसाच्या हल्ल्यात २० पडले की तो ‘क्रिट’, नुकसानीचे फासे दुप्पट. डीएमपुढे पुठ्ठ्याचा आडोसा असतो, तीच स्क्रीन, त्यामागे त्याचं दान फक्त त्याला दिसतं. पडलेलं दान बदलून सांगणं म्हणजे फजिंग.

तुझं पत्र वाचून झाल्यावर मी पहिल्यांदा पेन्सिल उचलली. ज्युनिअर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवता शिकवता लागलेली खोड आहे, तिला औषध नाही. २०१४ च्या आवृत्तीतला ऑगर आपल्या दानात ६ मिळवतो. तुझ्या बहिणीचा आर्मर क्लास, म्हणजे फटका बसायला गाठावा लागणारा आकडा, १२ धरू. म्हणजे फाशावर ६ किंवा वर आलं की सोटा बसला. बसला की आठ बाजूंचे दोन फासे अधिक ४, एवढं नुकसान. आणि नियम असा, की शून्यावर येऊनही जे नुकसान उरतं ते तुझ्या पूर्ण हिट पॉइंटांइतकं किंवा जास्त असेल तर बेशुद्धी नाही, शेवटच्या तीन संधी नाहीत, जागच्या जागी खेळ खलास. ७ हिट पॉइंटांच्या पोरीला १४ चं नुकसान पुरे. त्यासाठी दोन फाशांवर मिळून १० हवेत, आणि ते ६४ पैकी २८ वेळा येतात. म्हणजे वीस पडलाच नसता, साधा फटका बसला असता, तरी शंभरातल्या ४४ वेळा ती गेली असती. हुकणारे फटके आणि क्रिट सगळं धरलं तर त्या सोट्याच्या प्रत्येक फेकीमागे मरण सुमारे ३५ टक्के. तीन फटक्यांत एक.

तू विसाला घाबरलास. वीस बिचारा निमित्ताला धनी. पहिल्या पातळीवरच्या पाच जणांना एक ऑगर पुस्तकाच्या कोष्टकात ‘कठीण’ या रकान्यात बसतो, त्याच्यावरच्या ‘प्राणघातक’मध्ये नाही, म्हणून तू निर्धास्त राहिलास. पण ते कोष्टक टोळीची सरासरी बघतं; सोटा सरासरीच्या डोक्यात पडत नाही, एकाच्या डोक्यात पडतो. फासा रविवारी पडला, पण आदल्या रात्री तू वहीत ‘पूल – ऑगर १’ असं लिहिलंस, तेव्हाच ते दान अर्धं पडलं होतं.

आणि खरी चुटपुट पुढेच आहे. खोटं बोलायची गरजच नव्हती. त्याच नियमपुस्तकात लिहिलंय, की हातघाईच्या हल्ल्याने कुणाला शून्यावर आणलं, तर त्याला मारायचं की नुसतं बेशुद्ध करायचं हे मारणाऱ्याने ठरवायचं. मारणारा म्हणजे ऑगरही आलाच. आता असं बघ : तू आडोसा बाजूला सारतोस, फासा सगळ्यांना दाखवतोस. वीस. कुणी बोलत नाही. सोटा बसतो, पोरगी आडवी होते, आणि तो बकासुर तिचा एक पाय धरून तिला पोत्यात घालतो. त्याला पुलावर मढं नकोय, गुहेत रात्रीचं जेवण हवंय आणि जेवण त्याला ताजं लागतं. घुबड पोत्याभोवती घिरट्या घालतंय. बाकीच्या चौघांच्या हातात एक रात्र आहे. ही गोष्ट त्या विसात होती. तू ‘तीन’ म्हणालास आणि ती परत फाशात गेली.

आता मी हे सोवळं नेसून सांगतेय असं समजू नकोस. नऊ वर्षांपूर्वी भाच्याने मला या खेळात ओढलं आणि सहा महिन्यांत डीएमची खुर्ची माझ्या गळ्यात पडली. नाशिकला आमच्या बैठकीच्या खोलीत, रविवारी चार वाजता. तीन जुन्या फाइलींची कव्हरं क्लिपा लावून केलेला आडोसा, त्यामागे उजव्या हाताला स्टीलचं ताट आणि ताटात नॅपकिन, कारण नॅपकिन नसला तर खालच्या मजल्यावरून बेल वाजते. फासा माझा बोराएवढा, पांढऱ्यावर लाल आकडे. चष्मा वर करून वाचायला बरा. आणि त्या ताटाशी बसून मी पहिली दोन वर्षं बिनदिक्कत खोटं बोलले. कुणाचा वाढदिवस असला की बोलले, कुणाची परीक्षा वाईट गेली असली की बोलले. मला वाटायचं मी फार मायाळू आहे.

एका दिवाळीला शोकेस दुसऱ्या भिंतीला हलवायची ठरली. तर भाचा म्हणतो, “मावशी, ती नको हलवूस, आमची करमणूक जाईल.” शोकेस माझ्या खुर्चीच्या मागे होती. तिच्या काचेत संध्याकाळी ट्यूब लावली की माझं ताट, नॅपकिन, फासा सगळं स्वच्छ दिसायचं. आकडे उलटे दिसतात, पण उलटा १७ वाचायला तरुण डोळ्यांना कितीसा सराव लागतो? पोरं कित्येक महिने माझं प्रत्येक दान वाचत होती. वर पैजा लावत होती, मावशी खरं सांगते की नाही. हरणाऱ्याने आपल्या वाटचा चिवडा द्यायचा. माझ्या घरी, माझाच चिवडा. आम्ही राक्षसांशी लढतोय असं मला वाटत होतं आणि त्यांचा खरा खेळ माझ्या तोंडाकडे बघत चालला होता. भाचा म्हणाला, “शकुनी निदान स्वतःच्या बाजूने दान पाडायचा. तू आम्हाला जिंकवायला पाडतेस. शकुनीमावशी!” सगळे हसले, मीही हसले.

मग सगळे गेल्यावर मी कागद गोळा करायला बसले. त्यातला एक एका अबोल मुलीचा. या खेळात हिट पॉइंट पेन्सिलीने लिहायचे, खोडायचे, परत लिहायचे. तिचा पहिल्या वर्षाचा कागद त्या चौकटीत खोडून खोडून एवढा झिजला होता, की उजेडासमोर धरला तर पलीकडचं दिसावं. दुसऱ्या वर्षाचा कागद कोरा करकरीत. ३१ लिहिलेले, ते ३१च. तिने वजाबाकी करणंच सोडून दिलं होतं. कशाला करायची? मावशी आहे ना.

त्या कागदाने माझी खोड घालवली. पैजांनी घालवली नव्हती.

पुस्तकात परवानगी आहे का, तर आहे. या खेळाच्या जनकांपैकी एक, गॅरी गायगॅक्स, त्याने १९७९ च्या डीएमच्या मार्गदर्शक पुस्तकात फाशावरचा शेवटचा अधिकार डीएमला देऊन टाकलाय. मात्र नीट वाच. खेळाडूने सगळं शहाणपणाने केलं आणि केवळ फाशाच्या लहरीने तो मरत असेल, तर मरणाऐवजी बेशुद्धी दे, हात-पाय जाऊ दे, एक डोळा जाऊ दे, असं तो सुचवतो. हिशेब चुकता करायचा, फक्त हप्ता कमी. २०१४ चं पुस्तक जरा मवाळ आहे : लागोपाठच्या दोन क्रिटनी कुणी मरत असेल तर दुसरा साधा फटका कर, हवं तर हुकव, पण वरचेवर करू नकोस आणि कुणाला कळू देऊ नकोस. यातलं शेवटचं वाक्य मला पटत नाही. काचेच्या शोकेसा घरोघरी असतात. आणि काच नसली तरी माणसं मोजतात. वीस रविवार झाले, ऑगर आले, ड्रॅगन आले, आणि कुणालाच काही झालं नाही, तर यातली मेख ओळखायला संख्याशास्त्र लागत नाही.

खरं तर यासाठी आपल्याकडे केव्हापासून एक सोय आहे, तिचं नाव लिंबूटिंबू. गल्लीत लपंडाव चालू असतो, कुणाचा तरी चार वर्षांचा भाऊ मध्येच येऊन भोकाड पसरतो, आणि मग मोठ्याने जाहीर होतं, “हा लिंबूटिंबू!” त्याच्यावर राज्य येत नाही. तो पळतो, लपतो, ओरडतो, आणि सगळ्यांना, बहुतेक वेळा त्यालाही, ठाऊक असतं की तो कशात आहे आणि कशात नाही. त्यात कमीपणा काही नाही. दोन उन्हाळे गेले की तोच एक दिवस पाय आपटून म्हणतो, मी लिंबूटिंबू नाही. तेवढं म्हणायची संधी तू बहिणीला दिली नाहीस. न विचारता, कुणाच्या नकळत तिला लिंबूटिंबू करून टाकलंस, आणि वर तिला वाटू दिलंस की ती पक्की खेळते आहे. तिची ती आरोळी खरी होती रे, पण ती न पडलेल्या तिनावर होती.

जाता जाता एक. हा वाद तुझ्या-माझ्या आधीचा आहे, ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ ला आलं त्याच्याही जवळजवळ शंभर वर्षं आधीचा. प्रशियाच्या लष्करात १८२४ पासून अधिकारी नकाशावर युद्धाचा खेळ खेळत, राइसविट्झ नावाच्या लेफ्टनंटच्या नियमांनी. फासे, कोष्टकं आणि निवाड्याला एक पंच. कोष्टकं इतकी, की लढाईपेक्षा हिशेबच जास्त वेळ चालायचा. १८७६ मध्ये व्हेर्डी द्यू व्हेर्नुआ या अधिकाऱ्याने मांडलं, की फासे आणि कोष्टकं बाजूला ठेवा, पंच अनुभवी आहे, तो सांगेल तो निकाल. म्हणजे फासा न मानणारा डीएम पुरा दीड शतक जुना आहे. फरक एवढाच, की त्याने आधी फासे टेबलावरून उचलले. फासे टाकायचे, खुळखुळ आवाज करायचा आणि निकाल मनातला द्यायचा, हे त्याने केलं नाही. अशा खेळाशी माझं काहीच भांडण नाही. आजही असे खेळ आहेत, ज्यांत डीएमच्या हातात फासाच देत नाहीत, टाकायचे ते खेळाडूंनी. हाताला फारच खाज असेल तर त्यातला एखादा मांड.

आता तुझं काय. मित्राला याच आठवड्यात सांग. चहाच्या टपरीवर उभ्या उभ्या सांग, “वीस होता,” एवढंच. त्याने विचारलं कारण त्याला कळलं होतं. तुझं ‘हो’ ऐकून त्याला फाशाबद्दल नाही, तुझ्याबद्दल कळलं. स्क्रीनमागचं खोटं घाईत निघालं. गाडीवरचं तू विचार करून बोललास.

बहिणीचं जरा वेगळं. माझ्या मनात दोनदा इकडचं तिकडे झालं. शेवटी असं वाटतं, की आपण होऊन तिच्यापुढे कबुलीजबाब मांडू नकोस. तुझं ओझं हलकं करायला तिचा पहिला ऑगर कशाला काढून घेतोस? पण तिने कधी सरळ विचारलं, तर सरळ सांग, त्याच क्षणी. आणि पुढच्या रविवारी डाव सुरू करण्याआधी सगळ्यांसमोर दोन गोष्टी जाहीर कर : आजपासून लढाईतली माझी दानं उघड्यावर, टेबलाच्या मधोमध. आणि नवीन आलेल्याला पहिले तीन डाव लिंबूटिंबू राहता येईल, ज्याला हवं त्याने हात वर करावा. ती करणार नाही. चौदा वर्षांची आहे.

आमच्याकडे मी असं विचारलं तेव्हा सहापैकी पाच जणांनी नको म्हटलं. सहावीने हात वर केला. ती नर्स आहे, अतिदक्षता विभागात. म्हणाली, “मावशी, आठवडाभर माझ्यासमोर माणसं जातात. रविवारी माझी बाई जायला नको.” कुणी हूं का चूं केलं नाही. तिची बाई तेव्हापासून दोनदा कैद झाली, एकदा तिच्या तलवारीचा लिलाव झाला, एक कान गेला. मरत मात्र नाही, आणि हे टेबलावर बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. त्यामुळे तिच्या जिवाला घोर नाही असं तुला वाटत असेल, तर लिलावाच्या दिवशी तिचा चेहरा बघायला हवा होतास.

राहिलं ‘पुन्हा असा वीस पडला तर’. फासा उचलायच्या आधी स्वतःला विचार, एक पडला तर चालेल का, वीस पडला तर चालेल का. दोन्हीला हो असेल तरच हात घाल. नसेल तर टाकूच नकोस. ऑगर धमकी देईल, पूल हलवेल, तुझ्याकडे शंभर गोष्टी आहेत. राक्षस कुणावर धावतो, केव्हा पळतो, केव्हा खंडणी मागतो, हे सगळं तुझ्याच हातात आहे, त्यात खोटं कुठेच नाही. हिट पॉइंटांचंही तसंच. पुस्तकात ऑगरचे ५९ दिलेत ती सरासरी आहे, सोबत सात दहा-बाजूंचे फासे अधिक २१ असं सूत्रही दिलंय. म्हणजे २८ चा मरतुकडा ऑगरही नियमातला आणि ९१ चा दांडगाही. कुठला उभा करायचा ते आदल्या रात्री ठरव आणि वहीत शाईने लिही. पेन्सिलीने नको.

प्रश्न : आमच्या डीएमचे फासे उघड्यावरच पडतात, पण त्याच्या एका फाशावर वीस फार वेळा येतात असं आम्हा तिघींना वाटतं. फासा मिठाच्या पाण्यात तरंगवून खोट ओळखता येते म्हणतात. खरं आहे का?
— ठाण्याच्या एक वाचक

उत्तर : पाण्यात भरपूर मीठ घालून फासा तरंगवला, टिचकी मारून पुन्हा पुन्हा फिरवला आणि दर वेळी तोच आकडा वर आला, तर आत कुठेतरी हवेचा बुडबुडा असावा. एवढंच कळतं. बाजू कमी-जास्त घासल्या गेल्या असतील तर ते पाणी सांगत नाही, आणि पाण्यात डोलणारा फासा टेबलावरही तसाच वागेल असंही नाही. मीठ भाजीत घाला.

२०० वेळा टाका. तिघी आहात, एकीने टाकायचं, एकीने वाचायचं, एकीने रेघा ओढायच्या, तासाभराचं काम. प्रत्येक आकडा सुमारे १० वेळा यायला हवा. प्रत्येकाचा १० पासून फरक काढा, वर्ग करा, वीसही वर्गांची बेरीज करा आणि तिला १० ने भागा. उत्तर ३०.१४ च्या वर गेलं तर संशयाला जागा आहे. पण चांगला फासाही वीसातून एकदा एवढा बहकतो, म्हणून वर गेलं तर आरोप न करता पुन्हा २०० टाका. माझ्या बोराएवढ्या फाशाची परीक्षा मी अकरावीच्या वर्गाकडून करून घेतली होती, उत्तर आलं २२.६. फासा निर्दोष निघाला.

मोजणी डीएमच्या देखत करा, त्याच्याच घरी. आणि नॅपकिन न्यायला विसरू नका, २०० वेळा म्हणजे खालच्या मजल्यावरचं कुणीतरी वर येणारच.